मुलेंगाचे आभार

हाउन्सलो वेस्ट स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर घारपुऱ्यांचं घर आहे. हीथ्रोवर उतरणारी विमानं छपरावरून इतक्या खालून जातात की तिथे बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबतो आणि विमान गेलं की उरलेलं वाक्य पुरं करतो. मेजर अरविंद घारपुरे यांना या सवयीचा पुढे उपयोग झाला. त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं, तर पाहुण्यांना वाटायचं की ते विमानासाठी थांबलेत.

२००५ च्या सप्टेंबरात मेमरी क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं. मेजरांना त्र्याहत्तरावं वर्ष लागलं होतं. त्यांच्या पत्नी श्यामलाबाई स्वतः भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना फारसं काही समजावून सांगावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, नवं आधी जाईल, जुनं उशिरा. पण कधी ते सांगता येत नाही.

परतताना बसमध्ये मेजरांनी तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "एक काम उरकायला हवं. मुलेंगाचे आभार मानायचे राहिलेत."

"इतकी वर्षं राहिलेत," श्यामलाबाई म्हणाल्या. "मधे कधी सुचलं नाही?"

"सुचायचं. पण विसरेन अशी भीती नव्हती."

मुलेंगा हे नाव घारपुऱ्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो माणूस मात्र श्यामलाबाईंनीसुद्धा पाहिलेला नव्हता.

मेजर मूळचे कऱ्हाडचे. पुण्यात सिव्हिल इंजिनीअर झाले आणि १९५५ साली फौजेत, खडकीच्या सॅपर्समध्ये गेले. सॅपर म्हणजे लढणाऱ्या पलटणीच्या पुढे जाऊन पूल बांधणारा, रस्ता करणारा, सुरुंग काढणारा सैनिक. दहा वर्षांनी कॅप्टन असताना ते बाहेर पडले. झांबिया नुकता स्वतंत्र झाला होता. नव्या फौजेला इंजिनीअर हवे होते आणि त्या देशात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. घारपुऱ्यांनी अर्ज केला, करार झाला, मेजरचा हुद्दा मिळाला. त्यांच्या आईनं विचारलं, आपल्या देशाची फौज सोडून परक्यांच्या फौजेत जायचं म्हणजे काय? पुढे ते सांगत की नव्या देशात एक सुख असतं, 'असं आपल्याकडे कधी झालेलं नाही' हे वाक्य तिथे कुणी बोलू शकत नाही.

१९६६ ते १९६९ ही तीन वर्षं ते झांबियाच्या फौजेत होते. हाताखाली एक इंजिनीअर तुकडी. बहुतेक जवान विशी-बाविशीचे, शेतावरून किंवा तांब्याच्या खाणीतून आलेले. काम मुख्यतः बेली पुलाचं. लोखंडी चौकटी एकमेकींना जोडत जायच्या आणि अख्खा सांगाडा रुळांवरून ढकलत नदीपलीकडे न्यायचा. एक चौकट उचलायला सहा माणसं लागतात. सहाही जणांचं पाऊल एकदम पडलं नाही तर कुणाची तरी बोटं जातात.

पहिला पूल बांधायच्या दिवशी मेजरांनी एक गोष्ट केली, ती सवयीनं. खडकीला पहिली चौकट उचलण्याआधी नारळ फुटायचा. मेजर देवधर्म करणाऱ्यांतले नव्हते, पण नारळ फुटल्याशिवाय चौकटीला हात लावायचा नाही हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. समुद्रापासून इतक्या आत नारळ मिळणं शक्य नव्हतं. तिथे कवठासारखं टणक कवचाचं एक रानफळ होतं, ते त्यांनी आणवलं. मनगट मुरगळलेलं असल्यानं त्यांनी ते स्वतः न फोडता समोरच्या सगळ्यांत लहान जवानाच्या हातात दिलं. फळ फुटलं, गर सगळ्यांनी खाल्ला, कवच मेजरांनी नदीत टाकलं. का, कशासाठी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. जवान सावधान उभे होते.

मुलेंगा त्या तुकडीत लान्स कॉर्पोरल होता. उंच, कमी बोलणारा, दोर वळण्यात हुशार.

१९६९ च्या फेब्रुवारीत, भर पावसाळ्यात, पश्चिमेकडच्या एका नदीवर पुलाचं काम निघालं. पलीकडच्या काठावर आधी एक दोर न्यायचा होता. मेजर स्वतः होडीतून निघाले, कमरेला दुसरा दोर बांधून. त्या दोराचं टोक काठावर मुलेंगा आणि तिघा जवानांकडे. मध्यावर वाहत आलेलं झाड होडीवर आदळलं, होडी उलटली, मेजरांचा पाय तिच्याखाली मोडला. काठावर चौघं ओढू लागले, तशी त्यांच्या पायाखालची माती खचू लागली. मेजरांना ते दिसलं. आपल्यापायी चार पोरं जातील म्हणून त्यांनी ओरडून हुकूम दिला, दोर सोडा.

तिघांनी सोडला. मुलेंगानं सोडला नाही.

पुढचं मेजरांना आठवत नव्हतं. शुद्ध आली ती लुसाकाच्या इस्पितळात; दोर कुणी धरून ठेवला ते तिथेच कळलं. पाय सांधेपर्यंत करार संपला. श्यामलाबाईंना इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली होती, मुलगी देवयानी दोन वर्षांची होती, कुटुंब निघालं. मेजरांनी तुकडीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की तुकडीची फेररचना झाली आहे आणि त्या नावाचे जवान पुष्कळ आहेत. ते खरंच होतं. झांबियात मुलेंगा म्हणजे आपल्याकडचे जाधव. लान्स कॉर्पोरलचं पहिलं नाव मेजरांना माहीतच नव्हतं.

मग हाउन्सलो कौन्सिलच्या रस्ते खात्यात पंचवीस वर्षं. रेल्वेवरचे पूल, कालव्यावरचे पूल, पादचाऱ्यांचे पूल. तिथे एकदाही नारळ फोडला नाही. "हेल्थ अँड सेफ्टीला काय सांगणार होतो," असं ते म्हणत.

देवयानी आता हॅरोमध्ये फार्मासिस्ट आहे. २००५ च्या हिवाळ्यात तिनं इंटरनेटवर झांबियाच्या लोकांचे जे फोरम सापडले तिथे तिथे निरोप टाकला. थोड्याच दिवसांत ती लॅपटॉप घेऊन हाउन्सलोला आली.

"बाबा, चार उत्तरं आली. चारही मुलेंगा. चौघं म्हणतात आम्हीच तो."

"मग त्यांतल्या तिघांनी दोर सोडला असणार," मेजर म्हणाले.

तो त्यांचा चांगला दिवस होता. त्यांनी एक प्रश्न काढून दिला: पहिली चौकट उचलण्याआधी आपण काय करायचो? एकानं कळवलं, प्रार्थना. दुसऱ्यानं, झेंड्याला सलामी. तिसऱ्यानं लिहिलं की पाण्याची खोली मोजायचो; हे उत्तर मेजरांना आवडलं, पण ते बरोबर नव्हतं. चौथ्या मुलेंगांचं उत्तर त्यांच्या मुलीकडून, लंडनजवळ स्लाउला नर्स असलेल्या मुतालेकडून आलं. तिनं वडिलांना फोनवर विचारून लिहिलं होतं: 'बाबा म्हणतात, सर्वांत लहान असेल त्यानं फळ फोडायचं, सर्वांनी खायचं, कवच प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचं. आणि ते विचारतात, वरच्या अंगालाच का?'

मेजर ते वाचून उठले आणि मागच्या बागेत जाऊन उभे राहिले. श्यामलाबाईंनी त्यांना काही वेळ एकटं सोडलं, मग थंडी होती म्हणून कोट नेऊन दिला.

सायलस मुलेंगा तेव्हा साठीचे होते आणि झांबियात कासामाजवळ आपल्या गावी राहत होते. देवयानीनं फोन लावून दिला. लाइन खराब, मुलेंगांना ऐकू कमी येतं, आणि वरून विमानं. मेजर म्हणाले, "मी तुमचे आभार मानायला फोन केला आहे." तिकडून आलं, "कोण आजारी आहे?" असं बराच वेळ चाललं. शेवटी मेजरांनी फोन ठेवला.

"पत्र लिहा मग," श्यामलाबाई म्हणाल्या.

"पत्र एकदा लिहिलं होतं. आणि आभार काय ओरडून मानायचे असतात? समोर उभं राहून मानेन."

मुतालेला वसंतात बाळ होणार होतं आणि तिचे वडील त्या निमित्तानं येणारच होते. प्रश्न उरला वेळेचा. व्हिसा यायला वेळ लागला, मग तिकिटाच्या तारखा बदलल्या, मग मुलेंगांना मलेरिया झाला. बाळ झालं, बारसंही झालं. इकडे मेजरांचं एकेक गळत होतं. जानेवारीत ते ग्रंथालयातून परतताना वाट चुकले. मार्चमध्ये देवयानीच्या नवऱ्याचं, अंशुमनचं, नाव गेलं. "तो चष्मेवाला" असं ते म्हणू लागले आणि अंशुमननं ते हसून घेतलं. रोज सकाळी दाढी करताना मात्र ते एक वाक्य इंग्रजीत म्हणून बघत: तुम्ही दोर सोडला नाही, म्हणून मी आहे, मी तुमचा आभारी आहे. श्यामलाबाई बाहेरून ऐकत आणि ज्या दिवशी वाक्य पुरं व्हायचं त्या दिवशी निश्चिंत मनानं चहा टाकत.

मेमध्ये श्यामलाबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. कौन्सिलनं मागच्या दारातून बागेत उतरायला पायऱ्यांवर लाकडी उतरण बसवून दिली. मेजरांना ती पसंत पडली नाही. रोज ते वाकून तिचे बोल्ट बघत.

"हे कुणी केलंय? आधार मध्ये द्यायला हवा होता."

"अहो, माझ्या वजनाला पुरेल एवढी आहे," श्यामलाबाई म्हणत. "रणगाडा नाही न्यायचा."

मुलेंगा आले ते जूनमधल्या एका शनिवारी. फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू होता, रस्त्यातल्या निम्म्या खिडक्यांत इंग्लंडचे झेंडे लागले होते. मुतालेनं गाडी लावली. सायलस मुलेंगा सूट, टाय आणि हॅट घालून, काठी टेकत दारात आले. अजूनही उंच होते.

मेजरांचा तो चांगला दिवस नव्हता. सकाळी त्यांनी आपल्याच कोटाकडे बघून हा कुणाचा, असं विचारलं होतं. दाढी करताना वाक्य आलं नव्हतं. दार देवयानीनं उघडलं. मेजरांनी पाहुण्यांशी हात मिळवला, त्यांचा सूट पाहिला आणि म्हणाले, "बरं झालं आलात. कौन्सिलला मी कळवलंच होतं. या, मागच्या बाजूला आहे."

"बाबा, हे मिस्टर मुलेंगा आहेत," देवयानी म्हणाली.

"हो, हो. या, मिस्टर मुलेंगा." आणि ते चालू लागले.

श्यामलाबाई वॉकर धरून स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी हळू आवाजात माफी मागायला सुरुवात केली. मुलेंगांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मेजरांच्या मागोमाग बागेत गेले.

मेजरांनी उतरणीतले सगळे दोष दाखवले. मुलेंगांनी काठी देवयानीकडे दिली, भिंतीला धरून वाकले, बोल्ट बघितले, फळी बोटांनी वाजवली.

"मधल्या आधाराचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, सर," ते म्हणाले. "हिचं उद्घाटन झालंय का?"

"उद्घाटन?"

"काम सुरू करताना काही फोडलं होतं का?"

मेजर त्यांच्याकडे बघत राहिले. एक विमान गेलं.

श्यामलाबाईंनी स्वयंपाकघरातूनच देवयानीला हाक मारली. नारळीभातासाठी आणलेला नारळ ओट्यावर होता, भात करायचा राहून गेला होता. देवयानीनं तो आणून दिला. मुलेंगांनी नारळ हातात फिरवून पाहिला, कानाशी हलवला. असं फळ त्यांच्या हाती पहिल्यांदाच येत होतं. "हे तर खूपच केसाळ आहे," ते म्हणाले आणि नारळ त्यांनी मेजरांपुढे धरला.

मेजरांनी तो घेतला नाही. "मी नाही. सगळ्यांत लहान कोण आहे?"

देवयानीनं मुतालेकडे पाहिलं. मुताले तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तिनं बाळाची झोळी देवयानीच्या हातात दिली. बाळ सगळ्यांत लहान होतं, पण त्यावर वाद घालण्याची ही वेळ नव्हती. मुतालेनं नारळ पायरीच्या कडेवर आपटला. पहिल्यांदा काही झालं नाही. "मनगटातून," दोघं म्हातारे एकदमच म्हणाले. दुसऱ्यांदा फुटला आणि पाणी तिच्या बुटांवर गेलं.

श्यामलाबाईंनी आतून सुरी दिली. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांनी खाल्ले. मुलेंगा रिकामी करवंटी हातात घेऊन उभे राहिले.

"इथे वरचं अंग कुठलं, सर?"

मेजरांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी शेजाऱ्याच्या कुंपणाकडे बोट केलं. "पावसाचं पाणी तिकडून येतं आणि इकडे गटारात जातं."

करवंटी कुंपणाच्या कडेला पडली. मेजर ती पडलेली जागा बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि पाहुण्यांचा चेहरा पुन्हा नीट पाहिला.

"मुलेंगा," ते म्हणाले. "मी सोडा म्हणालो होतो."

"हो, सर."

"तुम्ही सोडला नाही."

"नाही, सर. काठावरच्या झाडाला वेढा घातला होता. तुम्हीच शिकवलं होतं, दोराला आधी झाडाचा वेढा, मग हाताची पकड. वेढ्यातला दोर एकदम सोडायचा नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतं. तुमचा हुकूम तुमच्याच शिकवणीविरुद्ध होता. मी शिकवण धरली."

"त्याबद्दल तुम्हाला शिक्षा झाली?"

"जादा पहारे लागले. मग मोठ्या साहेबांनी बोलावून कारण विचारलं. मी हेच सांगितलं. ते हसले आणि पहारे माफ केले."

मेजर ताठ उभे राहिले. "तुम्ही दोर सोडला नाही, म्हणून मी आहे," ते म्हणाले. "मी तुमचा आभारी आहे." वाक्य पुरं झालं. मध्ये विमान आलं नाही.

मुलेंगांनी हॅट काढली. "मीसुद्धा, सर," ते म्हणाले. "त्या शिकवणीवर मी सार्जंट झालो, पुढे प्रशिक्षक झालो, पाच मुलं शिकवली. त्यांतली ही एक इथे आहे."

मग सगळे आत बसले. देवयानीनं चहा केला, भाताऐवजी सामोसे गरम केले. मुलेंगांनी आपला प्रश्न विचारला, जो ते इतकी वर्षं बाळगून होते. फळाचा नियम नक्की कुठल्या पुस्तकात आहे? त्यांनी निवृत्त होईपर्यंत तो रंगरुटांना शिकवला होता. एकदा तपासणीला आलेल्या परदेशी अधिकाऱ्यानं हे काय चाललंय असं विचारलं. मुलेंगांनी सांगितलं, ही भारतीय पद्धत आहे, सर, पुस्तकात आहे. अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि ते टिपून घेतलं.

"कुठल्याच पुस्तकात नाही," मेजर म्हणाले.

"आणि लहानानं फोडायचं?"

"माझं मनगट मुरगळलं होतं."

"आणि कवच वरच्या अंगाला?"

"त्या दिवशी खालच्या अंगाला स्वयंपाकी पाणी भरत उभा होता, तिकडे जायला जागाच नव्हती."

मुलेंगा बराच वेळ हसले. हसताना त्यांना खोकला आला आणि मुतालेनं पाणी दिलं. "मी पोरांना सांगायचो," ते म्हणाले, "की कवच पुलाखालून गेलं पाहिजे, म्हणजे नदीला पुलाची वर्दी मिळते."

मेजरांनी यावर विचार केला. "तुमचं कारण जास्त चांगलं आहे. तेच ठेवा."

चहा झाला. बाळाला सगळ्यांनी घेतलं. थोड्या वेळानं मेजर पुन्हा उठले, मुलेंगांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही दोर सोडला नाही, म्हणून मी आहे. मी तुमचा आभारी आहे." मुलेंगा काठी टेकून उठले, बागेत उभे होते तसेच ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मीसुद्धा, सर."

दुपारभर हे होत राहिलं. किती वेळा, ते कुणी मोजलं नाही. दर वेळी वाक्य अचूक होतं आणि दर वेळी मुलेंगा उभे राहिले. शेवटी श्यामलाबाईंनी मेजरांच्या बाहीला हात लावला. "अहो, मानलेत आभार. बसू द्या त्यांना, गुडघे दुखत असतील."

"असू द्या, मॅडम," मुलेंगा म्हणाले. मराठी कळत नसलं, तरी हात लावणं त्यांना कळलं होतं. "मला पुन्हा ऐकायला काही त्रास नाही. सदतीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं."

संध्याकाळी गाडी निघाली. मेजर फाटकापर्यंत सोडायला गेले आणि तिथेही एकदा ते वाक्य झालं. मुलेंगांनी अर्धवट बसलेलं अंग गाडीतून पुन्हा बाहेर काढलं.

त्यानंतर मेजर जवळजवळ तीन वर्षं होते. सायलस मुलेंगा पुन्हा इंग्लंडला आले नाहीत. नाताळात त्यांचं कार्ड यायचं. दाढी करताना वाक्य म्हणणं मेजरांनी सोडलं नाही. मात्र पुढे पुढे ते बाहेर येऊन काळजीनं विचारत, "श्यामला, मुलेंगाचे आभार मानायचे राहिलेत का?"

"मानलेत. भरपूर मानलेत."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दोर सोडायचा नव्हताच."

"मग ठीक आहे," मेजर म्हणत आणि चहाला बसत.